हॉल्ट म्हणजे धर

मिस्त्री, माफ करा, पत्र लिहायला फार उशीर झाला. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटली आणि मी आत्ता पेन हातात घेतलंय. पण बातमीच अशी आहे की राहवत नाही. तुम्ही बरोबर होता. साहेब चुकले होते.

खडकीच्या वर्कशॉपमध्ये तुमचा एक कायदा होता. इंजिन दोराने वर ओढताना कोणीही, अगदी झाडूवाल्यानेही, 'हॉल्ट' म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी राहायचं. पहिल्याच आठवड्यात मी ते ऐकलं आणि घाबरून दोरच सोडला. तुम्ही झेप घालून तो पकडलात, तळहात सोलून निघाले. शिवी नाही दिलीत. म्हणालात, "हॉल्ट म्हणजे थांब नाही रे. हॉल्ट म्हणजे धर. हातात आहे ते धरून ठेव, बाकी मग बघू." पुढे प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही हेच शिकवायचात. एकदा ते नव्या साहेबांनी ऐकलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्री, हॉल्ट म्हणजे थांबा. इंग्रजी येत नसेल तर निदान शिकवू नये." लोक हसले. तुम्ही "बरं साहेब" म्हणालात, आणि त्यानंतर त्यांच्यासमोर एकही इंग्रजी शब्द तोंडातून काढला नाहीत. गिअरबॉक्सकडेसुद्धा नुसतं बोट दाखवायचात.

आता मी कोथरूडला मुलाकडे असतो. नात कॉलेजात जर्मन शिकते. परवा ती मोठ्याने पाठ करत होती, हाल्टन म्हणजे धरणे, आणि मी खुर्चीतून उठलोच. तिला मोबाइलवर शोधायला लावलं. इंग्रजीतला हॉल्ट जर्मन शिपायांच्या हुकमावरून आलेला, आणि त्याचा मुळातला अर्थ धर, धरून ठेव. मी परत परत विचारलं तेव्हा म्हणाली, "आजोबा, चौथ्यांदा विचारलंत म्हणून शब्द बदलणार नाहीये."

तरी माझ्या जिवाला चैन कुठे. मोबाइल चुकला तर? दुसऱ्या दिवशी बसने वाचनालयात गेलो. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, शब्दकोश घरी मिळत नाही. मी म्हटलं, एकच शब्द बघायचाय. "मग एकच पान उघडा," म्हणाले. माझी शाळा पाचवीपर्यंतची. नातीने कागदावर लिहून दिलेलं एकेक अक्षर बोट ठेवून जुळवत गेलो. सापडलं, मिस्त्री. छापलेलं आहे. बाजूच्या मास्तरीणबाईंकडून दोनदा वाचून घेतलं, आणि मग भर वाचनालयात म्हणालो, "आमचे मिस्त्री बरोबर होते." त्या गृहस्थांनी शांततेच्या पाटीकडे बोट केलं. मी शांतता राखली नाही. सगळी हकिकत उभ्याने सांगितली, तळहातांसकट. शेवटी त्यांनीच बसायला खुर्ची दिली.

पाकीट आणलंय, पण त्यावर पत्ता काय घालू? तेव्हा हे कपाटातच राहणार. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी साहेब बोलले तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो. तुमच्या मागेच उभा होतो, तुम्ही वळलात तेव्हा मी तोंडावर हात ठेवला. तुम्ही पाहिलंत का? तेवढं लवकर कळवा. माझंही वय झालंय.