कै. लिहायची घाई

रविवार, ४ मार्च

चि. ढब्ब्यास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहोत. आईने एक्याऐंशीव्या वर्षी कवळी बसवून घेतली आणि आता दिवसभर त्या दंतवैद्याला नावं ठेवते, तीच कवळी तोंडात ठेवून. भूक चांगली आहे, कान तिखट आहेत. मी फोनवर कुणाशी काय बोलले ते तिला माझ्याआधी कळतं.

आता तुझ्या पत्राकडे वळते. खाली सही काय केलीस ती? 'तुझा भाऊ, लवकरच कै. होणारा, ढब्ब्या.' तुला वाटलं असेल, ताई हसेल. मी हसले नाही. मी वर चि. लिहायचं आणि तू खाली कै., एकाच माणसाला? उचलली जीभ लावली टाळ्याला.

म्हणे आपल्यात पुरुष पन्नाशी बघत नाहीत. बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, काका सत्तेचाळीसाव्या, तुझं अठ्ठेचाळीस चालू आहे, म्हणून सायकल जावयाला देऊन मोकळा झालास. वर मलाच उपदेश, की कचेरीत आपल्या गल्लीचं नाव घेऊन हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस.

आता माझं ऐक. दोन वर्षं मी कचेरीत हेच काम केलं: आपल्या प्रांतात शंभर वर्षांत माणसाचं आयुष्य किती वाढलं ते काढायचं. शंभर वर्षांपूर्वी सरासरी सव्वीस वर्षांची होती. हे सांगितलं की लोक हळहळतात, बिचारे पंचविशीत म्हातारे व्हायचे. तसं नसतं रे. पणजीला सात लेकरं झाली, त्यातली चार पाळण्यातच गेली. घरोघरी तेच, म्हणून सरासरी खाली. जी पाळण्यातून सुटली त्यातली बरीच चांगली म्हातारी झाली. आपले आजोबा बघ. ब्याऐंशी वर्षं जगले आणि शेवटपर्यंत ओट्यावर बसून दोर वळत होते. त्यांचे वडील अठ्ठ्याहत्तरला गेले. मग तुझी ती घराण्यातली पन्नाशी तेव्हा कुठे होती?

पुढे लशी आल्या, नळ आले, शिकलेल्या सुइणी आल्या, आणि सरासरी चढत चढत बहात्तरवर गेली. आपल्या गल्लीतल्या बायकांचीही तशीच चढली. पुरुषांची मात्र दगड दळायचा कारखाना सुरू झाला आणि काही वर्षांनी उतरायला लागली, ती आज बावन्नवर आहे. तेच पाणी, तेच जेवण, तीच घरं, फक्त पुरुष तिकडे दळायला जायचे, बाबा आणि काकाही. घराण्याला काही लागलेलं नाही ढब्ब्या, छातीला दगडाची भुकटी लागली आहे. रक्तातच खोट असती तर तेच रक्त घेऊन मी चोपन्न वर्षांची घोडी तुला शिव्या द्यायला उरले नसते.

गल्लीच्या आकड्यांचं हे पान मी साहेबांना दाखवलं. साहेब वाईट माणूस नाही, पण त्याला चढती रेघ आवडते. म्हणाला, "बाई, एका गल्लीसाठी अख्ख्या प्रांताचं चित्र कशाला बिघडवता? शेजारच्या दोन वस्त्यांत मिसळून टाका." मी म्हटलं, "साहेब, चहात मीठ पडलं तर किटली मोठी करून भागत नाही."

एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळत होते. त्या चहानंतर मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आहे. आलेली पाकिटं फोडते, जाणाऱ्यांना तिकिटं चिकटवते. आईला सांगितलं नाही, म्हणजे तिला माहीत असणारच. आमच्या त्या कामाची पुस्तिका त्या पानाशिवाय छापून आली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे साहेबाला कुणीतरी सांगायला हवं. अकरा एप्रिलला नगरभवनात प्रकाशन आहे. शेवटी प्रश्न विचारायला वेळ ठेवला आहे. मी उभी राहणार आणि ते पान वाचणार. नोकरी गेली तर गेली.

तू म्हणशील, पाण्यात राहून माशाशी वैर. मला कारखाना बंद पाडायचा नाही. दगडावर पाणी मारत दळलं तर धूळ उडत नाही. मालकाला हे ठाऊक आहे, पण काम सावकाश होतं म्हणून तो करत नाही. तू तिथला मुकादम, हे तुला मी सांगायला नको.

आणि आता ज्यासाठी एवढी पानं भरली ते लिहिते. गेल्या खेपेस आलास तेव्हा जिन्यात मध्येच बसलास. मी वरून विचारलं तर म्हणालास, बुटाची नाडी बांधतोय. तुझ्या पायात चप्पल होती.

लहानपणी तू दारात अडकशील म्हणून आई हसायची. परवा तुझा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मला भीती वाटते रे. पण भीती वाटते म्हणून रडत बसणारी बाई मी नाही. मंगळवारी, तेरा तारखेला, तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाई येतात. तुझं नाव मी लावून ठेवलं आहे. गेला नाहीस तर आईला पाठवीन, नव्या कवळीसकट.

पुढच्या पत्रात सही नीट कर.

तुझी ताई

*

बुधवार, २१ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार,

चप्पल होती, हे खरं.

मंगळवारी गेलो. छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके आहेत, डावीकडे जास्त. बाई म्हणाल्या, झालं ते भरून येणार नाही, पण आजपासून धूळ बंद केली तर पुढचं बरंच वाचेल. मी विचारलं, किती वर्षं? म्हणाल्या, सरासरी सांगू शकते. मी म्हटलं नको, ते आमच्या ताईचं खातं आहे.

आजोबांचं वय मी साफ विसरलो होतो. म्हातारा आठवतो, दोर आठवतो, वय काही आठवलं नाही. बाबा गेले तेवढंच डोक्यात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दळायच्या शेडबाहेर उभा राहिलो. मुकादम आत गेल्याशिवाय बाकीचे जात नाहीत. मालक म्हणाला, काय रे, मुहूर्त बघतोस का? मी म्हटलं, मी आता आत येणार नाही, आणि पाणी मारायची सोय होईपर्यंत माझी माणसंही येणार नाहीत. मालकाने मला घरी हाकललं. मागे वळून बघतो तर सगळे माझ्या मागून चालत येत होते. आठवडा झाला, दळण बंद आहे. नळ अजून आलेला नाही. बायको घाबरली आहे, पण परत जा म्हणत नाही.

जावयाकडून सायकल परत आणली. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

अकरा तारखेला आम्ही सगळे येतो. ते पान तू वाचू नकोस, मी वाचतो. मध्येच दम लागेल मला. लागू दे, साहेबालाही ऐकू जाऊ दे. मी थांबलो की तू ऊठ आणि तिथून पुढे वाच.

स्वतःला चि. लिहायचं नसतं, ते मोठ्यांनी लिहायचं असतं, हे तूच मला शिकवलं आहेस. तरी लिहितो.

तुझा,
चि. ढब्ब्या