टाकीत काहीच नव्हतं

४ तारीख, गुरुवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नववीची पोरं अजून परीक्षानळ्या फोडतात का? गोदीत मला नवं काम मिळालंय. जुन्या जहाजाच्या पोटातली लोखंडी टाकी आतून खरवडून रंगवायची. तीन वर्षं झाकण घट्ट बंद. आत ना तेल ना पाणी, नुसता गंज. काल एक बोल्ट सैल केला तर सूं आवाज आला. गंमत म्हणजे हवा बाहेर आली नाही, आत ओढली गेली. पुन्हा आवळून टाकला. पंधरा तारखेला, सोमवारी, उतरायचं. मुकादम म्हणतात, रिकामी टाकी म्हणजे पोरखेळ.

तुझा,
धाकटा

९ तारीख, मंगळवार

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हवा आत ओढली गेली हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. लोखंड गंजतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन धरून ठेवतं. तीन वर्षांत त्या भिंतींनी टाकीतला ऑक्सिजन खाऊन टाकला असणार. अशा हवेला वास नाही, रंग नाही. कळायच्या आत माणूस कोसळतो. आधी पंखा लावून आत वारा घाला, ऑक्सिजन मोजा, मगच पाय टाका. कुणी पडलंच तर मागोमाग उतरू नकोस, तुला माझी शपथ. मुकादमांना हे पत्र दाखव. भित्रा म्हणाले तर म्हणू देत. उलट टपाली कळव.

काळजीत असलेली,
ताई

१८ तारीख, गुरुवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सोमवारी सकाळी मिळालं. मुकादमांना वाचून दाखवलं, तर ते पोट धरून हसले. गंजानं माणूस मेल्याचं पहिल्यांदाच ऐकतोय म्हणाले. मी उतरणार नाही म्हणून अडून बसलो. चारचौघांत शब्दाला शब्द लागला आणि मला लाजवायला ते स्वतःच शिडी उतरू लागले. खालून माझ्यावर काहीतरी विनोद करत होते. वाक्य अर्धंच राहिलं. हात सुटले.

मी एक पाय आत टाकला होता, ताई. मग काढून घेतला. श्वासाची नळकांडी लावलेली माणसं येईपर्यंत अकरा मिनिटं काठावर बसून होतो. बॅटरीच्या उजेडात मुकादमांचा एक बूट दिसत होता.

गोदीत सगळे मला शहाणा म्हणतात. मुकादमांच्या मयताला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं एवढंच विचारलं, की तुम्ही तर सगळं वाचलं होतं, मग त्यांचा हात का नाही धरलात. रजा मिळाली तर ये. तिच्या दारात मला एकट्यानं उभं राहवत नाही.

हे सगळं कळल्यावरही माझ्यावरचा लोभ तसाच राहू दे.

धाकटा