दुपारची आई

१९ नोव्हेंबर १९४५, सांगली

पोचलो एकदाचे, मी आणि राही. रहिमतपुरातून अंधार असतानाच निघालो, मिरजेला गाडी बदलली. सांगलीला उतरलो तेव्हा राहीच्या परकराला शेंगांची टरफलं आणि इंजिनाची काजळी दोन्ही चिकटलेली. तिला त्याचं काही नाही. टांग्यात बसल्या बसल्या तिने टांगेवाल्या रहिमानचाचांना घोड्याचं नाव विचारलं, वय विचारलं, आणि त्याला आई आहे का तेही विचारून घेतलं. पाच वर्षांची पोर, पण तोंडाला विश्रांती नाही.

निघताना सासूबाईंनी तोंड फिरवलं. हे इटलीत लढाईत पडले त्याला दीड वर्ष होत आलं. दिरांच्या ताटाखालचं मांजर होऊन राहण्यापेक्षा मुलींच्या शाळेतली मास्तरीण बरी, हे मी ठरवलं आणि निभावलं.

हरिपूरच्या रस्त्याला बाळासो म्हणून हळदीचे व्यापारी आहेत, त्यांच्या वखारीमागे दोन खोल्या मिळाल्या. ऊन भरपूर, भिंती नुकत्याच सारवलेल्या. मागच्या परसात पेवं आहेत, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या हळदीच्या गोल कोठ्या. वरून दिसतात ते फक्त मातीने लिंपलेले गोल दगड. राही एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. हवेला सगळीकडे हळदीचा वास. लग्नघरी उतरल्यासारखं वाटलं.

२२ नोव्हेंबर

शाळा आवडली. तिसरीच्या मुली धीट आहेत. एकीने मला तोंडावरच सांगितलं की बाई, तुमची बोली सातारकडची.

राहीची सोयही लागली. शेजारच्या मेहरुनबी घरी बसून पोती शिवतात. त्यांची मुलं मोठी झाली, नातवंडं अजून नाहीत. मी येईपर्यंत राही त्यांच्या अंगणात खेळेल. दुपारी मात्र तिला आपल्याच गोधडीवर झोप लागते, म्हणून ती आमच्या खोलीत निजेल आणि त्या अधूनमधून डोकावतील. मी संकोचाने पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा त्या वैतागल्याच. म्हणाल्या, ‘‘आवं बाई, पोर हाय, का वाघ हाय? जावा निवांत.’’

३० नोव्हेंबर

आज राहीची वेणी फार सुरेख घातलेली होती, चार पेडांची. मला तीन पेडांपलीकडे जमत नाही. मेहरुनबींना हौस दिसते. जेवायलाही नको म्हणाली; पोट भरलंय म्हणे. मला बरं वाटलं आणि, खरं लिहायचं तर, थोडा हेवाही वाटला.

६ डिसेंबर

मेहरुनबींनी आज मला जरा रागानेच विचारलं की रोज मधल्या सुट्टीत घरी यायचंच असेल तर त्यांच्यावर पोर सोपवायची कशाला. मला कळेना. त्यांचं म्हणणं, मी रोज दुपारी परसातून येते, डोक्यावर पदर घेऊन. हाक मारली तरी बघत नाही. राहीला भरवते, निजवते, जाते.

मी शाळेतून हललेलीच नाही, असं म्हटल्यावर त्या हसल्या. मीही हसले. मग मी वेणीचं विचारलं. त्यांनी कधी घातलीच नव्हती.

राहीला विचारलं, दुपारी कोण येतं. ती म्हणाली, तूच. काय बोलते मी? तर म्हणे, ‘‘काही नाही बोलत. मांडीवर घेतेस. तुझी मांडी दुपारी गार असते.’’

११ डिसेंबर

डोकं दुखतंय म्हणून मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेतली आणि दुपारी घरी आले. रस्ता उन्हाने पांढरा पडलेला. पुढच्या दाराने न जाता खिडकीपाशी उभी राहिले.

आत एक बाई पाठमोरी बसलेली होती. मी सकाळी नेसले होते तेच हिरवं लुगडं. मांडीवर राही. बाई दूधभाकरी कालवून एकेक घास भरवत होती, घाई न करता. मला सकाळी इतका वेळ कधी होतो? राही वर तिच्या तोंडाकडे बघत होती. तशी ती माझ्याकडे बघते.

बाई वळू लागली. आधी कान दिसला. माझा कान, खालची पाळी फाटलेली, तीसुद्धा.

मी किंचाळले आणि दाराकडे धावले. आत राही एकटी बसली होती. जमिनीवर, बाई जिथे हात टेकून उठली असेल तिथे, पिवळा पंजा उमटला होता. राही रडायला लागली. म्हणाली, तू तिला का हाकललंस?

१२ डिसेंबर

मेहरुनबींनी सांगितलं. सांगताना त्यांचे हात थांबत नव्हते, दाभण रिकामंच चालत होतं.

रंगूबाई नावाची विधवा वखारीत हळद काढायला यायची. पोर परसात बसवायची आणि पेवात उतरायची. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. एकदा कुणाला तरी घाई होती, तिला लवकर उतरवलं. ती वर आलीच नाही. पोर दगडाशी बसून आई, आई करत राहिली. पुढे त्या पोरीला कुणी नेलं, कुठे नेलं, कुणालाच ठाऊक नाही.

‘‘तवापास्नं हितं एकटं पोर आई म्हणालं, की ती व्हय म्हणती,’’ मेहरुनबी म्हणाल्या. त्यांना ही म्हाताऱ्याकोताऱ्यांची बडबड वाटायची. रोज दिसली ती मीच, असं समजून त्या निश्चिंत राहिल्या. माझे हात धरून रडल्या.

मी विचारलं, ती माझ्या पोरीला खाली नेईल का?

त्यांनी मान हलवली. ‘‘न्यायला न्हाई येत, बाई. तिला वर ऱ्हायाचंय.’’

१४ डिसेंबर

राहीला शाळेत घेऊन जाते आता. बाळासोंकडे गेले होते. त्यांनी पेवाच्या दगडावर नारळ फोडला आणि मला समजावलं की एकट्या बाईच्या मनाचे खेळ असतात. दुसरीकडे खोली शोधली. पोरीसह एकटी विधवा म्हटल्यावर दारं लोटली गेली. गावी परत जायचं म्हणजे दिरांपुढे—नाही. एवढ्यात नाही.

१६ डिसेंबर

दुपार झाली की राहीला ताप चढतो. वर्गाच्या कोपऱ्यात अंग मुडपून पडते आणि म्हणते, मला आईकडे ने. मी तिला जवळ घेते, म्हणते, मी आहे ना. ती माझ्याकडे नीट बघते. मग शाळेतल्या मुलींसारखं म्हणते, ‘‘नाही बाई.’’

१८ डिसेंबर

वर्गात गेले, मुली उठल्या नाहीत. गलका चालूच. मी टेबलावर छडी आपटली तेव्हा कुठे पहिल्या बाकावरची दचकली, पण माझ्याकडे नाही, छडीकडे बघून.

वाण्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला आधी गूळ दिला. मी दोनदा हाक मारली. त्याने वर पाहिलंच नाही.

बोटांना हळद लागलीय. मी हळदीला हात लावलेला नाही. चिंचेने घासलं. जात नाही.

१९ डिसेंबर

मेहरुनबी अंगणातून मला म्हणाल्या, आज तोंडावर तेज आहे, बाई. मी खिडकीच्या आत होते. त्या बोलत होत्या परसाकडे तोंड करून.

राहीची वेणी चार पेडांची. मी दिवसभर तिचा हात सोडला नव्हता. सोडला नव्हता—

२० डिसेंबर

पुरे. नोकरी गेली तरी चालेल, दिरांचे बोल खाईन, सासूबाईंचे पाय धरीन. पोर हवी.

रहिमानचाचांना सकाळी यायला सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, तेव्हा त्यांना ऐकू आलं.

२१ डिसेंबर, सकाळ

ट्रंक भरली. राही उंबऱ्यावर बसलीय, पाय हलवतेय. ताप नाही. कुणाशी तरी हळू बोलतेय. घोड्याशी असेल—टांगा आला. उठते.

त्याच दिवशी

ट्रंकेची कडी लावायला आत वळले. तेवढंच. तेवढ्यात चाचा बाहेर म्हणाले, बसा बाई. आणि माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, ‘‘आले हो.’’

राही हसली. किती दिवसांनी.

धावले. दार बाहेरून बंद. ट्रंक—इथे होती, माझ्या हातात होती. नाही.

खिडकीतून दिसलं. टांगा वळत होता. हिरवं लुगडं. मांडीवर राही. त्या बाईने मागे वळून पाहिलं. माझंच तोंड. ती रडत होती. राहीला छातीशी धरून रडत होती.

मेहरुनबी रस्त्यात उभ्या राहून हात हलवत होत्या. गजांतून ओरडले. मी इथे आहे, मेहरुनबी, इथे. घसा फुटेपर्यंत ओरडले. त्या पदराने डोळे पुसत खिडकीसमोरून गेल्या. कुणाला तरी म्हणाल्या, ‘‘गेली बया सुखरूप. लय भ्याली हुती.’’ आणि खिडकी बाहेरून लोटून घेतली.

हात कोपरापर्यंत पिवळे. हवा नाही इथे. नीट श्वास—

भिंत चाचपली. कोपरा सापडत नाही. पुन्हा चाचपली. गोल आहे—

ओरडून उपयोग नाही. लिहिते. दिसत नाही, तरी लिहिते.

टांगा स्टेशनवर पोचला असेल. राहीला गाडीत मळमळतं. तिला खिडकीशी बसवावं लागतं, वाऱ्याकडे तोंड करून, पाठीवर हात फिरवत. हे तिला कोण सांग—