साहेबांचा ‘युअर मॅन’

१२ फेब्रुवारी २०११, शनिवार
आजपासून मी राजकारणात. डर्मॉटसाहेबांचा प्रचार, म्हणजे पावसात दारोदार पत्रकं. साहेब इथले टीडी, म्हणजे आयरिश संसदेतला आपला खासदारच. आधी शाळामास्तर, मग कौन्सिल, मग कायम विरोधी पक्षात. या वेळी सत्ता येणार. मुद्दा एकच: हॉस्पिटलमधला मुलांचा वॉर्ड बंद होऊ देणार नाही. नंदिनीताई त्याच वॉर्डात डॉक्टर, आणि मी ताईकडेच राहतो. सो, मुद्दा पर्सनल आहे.

१९ फेब्रुवारी
साहेब माझ्याकडे बोट दाखवून ऑफिसातल्या मॉरीनला म्हणाले, गिव्ह युअर मॅन अ कप ऑफ टी. युअर मॅन! आपला माणूस! पुण्यात साहेबांचा माणूस व्हायला लोक वर्षानुवर्षं सतरंज्या उचलतात. माझं आठवड्यात झालं.

३ मार्च
जिंकलो. सत्तेत आलो. ताईला लेटरकेनीच्या हॉस्पिटलची ऑफर आहे, उद्यापर्यंत उत्तर हवंय. इथलं कॉन्ट्रॅक्ट जुलैत संपतं. म्हणाली, सिद्धू, मस्करी नको, वॉर्ड राहणार का ते नीट विचार. विचारलं. साहेब म्हणाले, लीव्ह इट विथ मी. काम फत्ते! ताईनं लेटरकेनीला नकार कळवला. तिथे जायला गाडी चालवावी लागते, आणि ताईला राउंडअबाउटचा गोल चौक दिसला की रडू येतं.

८ एप्रिल
साहेबांचं भाषण. पूर्वी ‘बंद होणार नाही’ म्हणायचे, आता ‘सगळे पर्याय खुले’. मॅच्युअर झालेत. ऑफिसच्या खिडकीतलं ‘वॉर्ड वाचवा’ पोस्टर काढलंय. काच पुसायला असेल.

२० मे
वॉर्डातल्या काही खाटा हलवल्या. ताई म्हणाली, माशांची टाकीपण नेली. मी म्हटलं, पाणी बदलायला. साहेब फोन उचलत नाहीत. बिझी माणूस. ठराव: घाबरायचं नाही.

६ जुलै
साहेबांनी वॉर्ड बंद करायच्या बाजूनं मत दिलं. जड अंतःकरणानं, असं टीव्हीवर म्हणाले. चाल असणार. आत राहून लढतील. ताई जेवली नाही.

९ जुलै
साहेबांच्या क्लिनिकला गेलो. टीडी लोकांना भेटतात त्याला इथे क्लिनिक म्हणतात. गावात आता तेवढंच राहणार. मला बघून साहेबांनी मॉरीनला विचारलं, हू इज युअर मॅन?
मी म्हटलं, मीच की! तुमचा माणूस!
मॉरीन आधी खो खो हसली. मग हातात चहा देऊन हळूच म्हणाली, अरे राजा, युअर मॅन म्हणजे कुणीही. समोरचा तो. नाव माहीत नसलं की म्हणतो आम्ही.
वॉर्डचं काय, विचारलं. साहेब म्हणाले, लीव्ह इट विथ मी.
घरी आलो तर ताई फोनवर. लेटरकेनीची जागा केव्हाच भरली होती. तेव्हा ‘नाही’ का म्हणालात, असं पलीकडच्यानं विचारलं असावं.
ताई म्हणाली, युअर मॅन टोल्ड मी टू वेट.
मी समोरच बसलो होतो.