एकशेबारा ते एकशेअठ्ठेचाळीस

प्लोव्दिव्ह,
रविवार, दुपारचे तीन

आदरणीय वासिल्काताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे ज्याचा फोन तू गेले नऊ दिवस उचलत नाहीस त्या ल्युबेनचा, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वार्नाची हवा दमट, त्यात तू चौथ्या मजल्यावर, जपत जा. इकडे तुझी भावजय दोन्का बरी आहे. मीही बरा आहे, रक्तदाब तेवढा वाढलाय. (माझा नव्हे, डॉक्टरचा. मला तपासता तपासता त्याचाच वाढला.) हे पत्र आमच्या डेपोतला त्रिफोन उद्या सकाळच्या वार्ना गाडीनं आणतोय. तुझ्या हातात दिल्याशिवाय दारातून हलायचं नाही अशी त्याला ताकीद आहे, तेव्हा त्याला कॉफी दे आणि पत्र घे.

माझ्या लेकीनं तुला सगळं सांगितलंच असेल. म्हणजे तिची बाजू सांगितली असेल. तीही रडून सांगितली असेल, आणि रडून सांगितलेली बाजू ऐकणाऱ्याला नेहमी पूर्णच वाटते. माझी कोण ऐकणार? म्हणून लिहितो.

एलित्साला वैमानिकाचा परवाना मिळाला तेव्हा मला वाटलं, झालं एकदाचं. पोरीला विमान उडवता येतं, तसा शिक्का मारलेला कागद आहे, द्या नोकरी! पण नाही. सोफियातल्या त्या कंपनीला (नाव लिहीत नाही, पेन बिघडेल) आधी तिचं डोकं मोजायचं होतं. एका हातानं दांडी धरून पडद्यावरचा ठिपका वर्तुळात ठेवायचा, दुसऱ्या हातानं रंग बदलला की बटण दाबायचं, आणि त्याच वेळी कानात एक बाई आकडे सांगते त्यांची बेरीज करायची. ताई, मी बत्तीस वर्षं बस चालवतोय. मागे एक बाई पिशवीत उलटी करतेय, एक आजोबा थांबा गेला म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत, समोर रस्त्यात मेंढरं बसलीत, आणि तरी मी गाडी वेळेवर पोचवलीय. मला कोणी ठिपका सांभाळायला लावला नाही! आम्हा ड्रायव्हरांचीही मानसिक चाचणी असते म्हणा. मी ती चारदा दिली, चारही वेळा पास. म्हणूनच मला त्यातलं कळतं, हे मी एलित्साला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त शांत बसा, तीच मोठी मदत."

शांत बसा! माझ्याच स्वयंपाकघरात! दोन महिने घराची नुसती शाळा झाली होती. दोन्का भाजलेल्या मिरच्या सोलता सोलता सात आकडे वाचायची, की पोरगी ते उलट्या क्रमानं म्हणून दाखवायची. मीठ मागितलं तरी मला कोणी उत्तर देत नव्हतं, कारण आकडे विसरतील. मग ते ठोकळे. चित्रात एक खोकं उलगडून सपाट ठेवलेलं असतं आणि ते मिटल्यावर त्रिकोण कोणत्या बाजूला येईल ते आठ सेकंदांत सांगायचं. मी म्हटलं डावीकडे, संगणक म्हणाला उजवीकडे. मी संगणकाला मोजत नाही. माझ्या नव्या बुटांचं खोकं कापलं, त्रिकोण काढला, चिकटवलं आणि मिटलं. त्या खोक्यानंही संगणकाचीच बाजू घेतली. मी ते मिरच्यांच्या भट्टीत घातलं.

पण पोरीला मात्र मानलं. पहाटे उठून उजळणी करत बसायची, केस बांधायचंही भान नाही. ही कंपनी वर्षातून एकदाच माणसं घेते, आणि यंदा नाही जमलं तर दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. आधीच्या दोन कंपन्यांनी तिला "अनुभव कमी" म्हणून परत पाठवलं होतं. हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो, मी काही दगड नाही.

आता मुद्द्यावर येतो. शेवटची चाचणी घरीच द्यायची होती, स्वभावाची. दोनशे चाळीस वाक्यं, प्रत्येकाखाली पाच बटणं, "अजिबात नाही"पासून "पूर्ण सहमत"पर्यंत. पाच मिनिटं हात लावला नाही तर सगळं रद्द होतं, हे एलित्सानंच सकाळी दहादा सांगितलं होतं. (हे वाक्य पुन्हा एकदा वाच.) ती बसली. आणि बरोबर त्याच वेळी बाल्कनीत मिरच्या भाजताना दोन्काच्या हातातल्या फडक्यानं पेट घेतला. दोन्का किंचाळली, पोरगी धावली. दोन्काच्या मनगटाला बऱ्यापैकी चटका बसला होता, तर एलित्सा तिला नळाखाली धरून बसली. आणि मी? मी खोलीच्या दारात. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन मिनिटं. पडद्यावर वाक्य तसंच: "मला सहसा राग येत नाही." पोरीचं आयुष्य पाच मिनिटांवर आलेलं, ताई. तू काय केलं असतंस?

मी "पूर्ण सहमत" दाबलं. इतक्या जोरात दाबलं की टेबलावरचा पेला पडला.

एकावर थांबायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण लगेच दुसरं वाक्य आलं: "लोक माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलतात." बोलतातच! अख्खा डेपो बोलतो! ते दाबलं. मग "वरिष्ठांचं चुकलं तर मी त्यांना तोंडावर सांगतो", मग "मी फार क्वचित चुकतो". एकेक वाक्य असं नेमकं, जणू मला ओळखणाऱ्या कुणीतरी बसून लिहिलंय. बत्तीस वर्षांत मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. पावलं वाजली तेव्हा मी उठलो. त्या पानावर क्रमांक नसतात, नुसती एक हिरवी पट्टी सरकते, त्यामुळे पोरीला काही कळलं नाही. मी सांगणारच होतो. पण ती विचारेना.

यंत्रावरच्या चाचण्यांत ती अठ्ठ्याऐंशी जणांत दुसरी आली. दुसरी! मग सोफियात मुलाखतीला तिथल्या मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर मिलेवा बाई, तिच्यापुढे कागद ठेवून म्हणाल्या की एकशेअकरापर्यंत तुम्ही एक शांत, समंजस मुलगी आहात, एकशेएकोणपन्नासपासून पुन्हा तीच मुलगी आहे, पण एकशेबारा ते एकशेअठ्ठेचाळीस इथे कोण बसलं होतं? त्यांनी तिथली वाक्यं उत्तरांसकट वाचायला घेतली, तिसरं ऐकताच पोरीनं मला ओळखलं. आणि खरं सांगून टाकलं. "माहीत नाही" म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण आपल्या घराण्यातला हा हट्टी प्रामाणिकपणा! नियम असा की दुसऱ्यानं उत्तरं दिली तर अर्ज बाद, दोन वर्षं. ती घरी आली आणि एकच वाक्य बोलली, "बाबा, विमान मी उडवायचं होतं, तुम्ही नाही." बॅग भरली आणि तुझ्याकडे आली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नव्हे. मंगळवारी सुट्टी होती. गणवेश इस्त्री केला, टाय लावला आणि सोफियाची पहिली गाडी धरली. मिलेवा बाई एवढीशी, माझ्या कोपराला लागेल इतकी. मी दारातूनच आवाज चढवला. ती म्हणाली, "बसा." म्हटलं, बसणार नाही. ती म्हणाली, "बरं, मग उभ्यानंच ओरडा." असल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं? मी म्हटलं, ती सदतीस वाक्यं मला विचारा, आत्ता, इथे. उत्तरं माझी आहेत हे सिद्ध होईल आणि पोरीनं फसवलं नाही हेही. ती म्हणाली, असं करता येत नाही. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आता उठणार नाही.

एक वाजेपर्यंत बसलो. शेवटी तिनंच कागद काढला आणि एकेक वाक्य विचारलं. मी एकेक उत्तर दिलं, गुरकावून. छत्तीस उत्तरं तंतोतंत तीच निघाली. (त्या म्हणाल्या, एकोणीस वर्षांत इतका न बदलणारा माणूस पाहिला नाही. कौतुक होतं की काय, विचारलं नाही.) एकच बदललं होतं. वाक्य होतं, "घरात माझं म्हणणं ऐकून घेतलं जातं." घरी मी "पूर्ण सहमत" दाबलं होतं. तिथं माझ्या तोंडून "अजिबात नाही" निघालं. त्यांनी विचारलं, हे का बदललं?

मी म्हटलं, "तेव्हा मी माझं सांगितलं होतं. हे पोरीचं आहे."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. उठताना मला म्हणाल्या की हा स्वभाव विमानाला चालायचा नाही. मी म्हटलं, बसला चालतो ना? त्यावर त्यांनी फक्त दार उघडून धरलं. याचा मला अजून राग आहे.

असो. दोन्काचा नमस्कार. मनगट बरं आहे. चटणीच्या सहा बाटल्या त्रिफोनकडे दिल्या आहेत, झाकणं घट्ट आहेत का बघून घे.

तुझा भाऊ,
ल्युबेन

ता. क. खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच. शुक्रवारी मिलेवा बाईंचा मला फोन आला, त्यांच्या समितीनं परवानगी दिली आहे. एलित्सानं गुरुवारी सकाळी नऊला सोफियात हजर राहायचं, सगळी दोनशे चाळीस वाक्यं त्यांच्यासमोर पुन्हा. पण येते म्हणून मंगळवारी दुपारी बाराच्या आत कळवायला हवं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मेल शुक्रवारीच आली आहे. दोन्का म्हणते, पोरगी त्या कंपनीचं काहीच उघडत नाही आणि आईनंही विषय काढला की फोन ठेवते. तेव्हा हे वाचून झालं की लगेच, चपला घालायच्या आधी, तिला उठव आणि मेल उघडायला लाव.

ता. क. दुसरा. मी सोफियाला गेलो होतो हे तिला सांगू नकोस. मेलमध्ये माझं नाव नाही, मी आधीच विचारून घेतलंय. कंपनीनंच फेरविचार केला असं सांग. तिची नोकरी तिची तिलाच मिळू दे.

ता. क. तिसरा. दोन्कानं आत्ता सगळं वाचलं. म्हणते, एवढ्या लांबलचक पत्रात "माझं चुकलं" हे दोन शब्द कुठेच नाहीत. मी म्हटलं, नीट बघ, असतील. तिनं पुन्हा वाचलं. नाहीत. तर लिहितो: माझं चुकलं. बाकी काही नको, एवढं तिला वाचून दाखव.