शून्य वर्षाची पिशवी

हॅनोव्हर,
गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४

चि. संध्यास,
अ. उ. आशीर्वाद. इकडे क्षेम आहे, तिकडचं तू लिहिशील तेव्हा कळेल.

फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते, त्यातून भांडणं होतात. म्हणून तू म्हणालीस तसं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं राखून उरेल तेवढी. अक्षर लागलं नाही तर अंदाज कर.

नव्वद दिवसांच्या व्हिसावर मला बोलावलंस आणि बाराव्या दिवशी तू कझाकस्तानला गेलीस. जमीन गोठायच्या आत मातीचे नमुने काढायचे होते, ते मला समजतं. जमीन कुणाच्या सासूसाठी थांबत नाही. पण दिवसभर या घरात फ्रिज तेवढा आवाज करतो म्हणे, तोही मला ऐकू येत नाही. रविवारी तर खिडकीतून पाहिलं की सगळं गाव जत्रेला गेल्यासारखं वाटतं, फक्त जत्रा कुठे आहे ते कुणी सांगत नाही.

अन्वी ठीक आहे. सायकलवर शाळेत जाते, येते, जेवते, कानात बोंडं घालते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये सांगते. जा म्हणजे हो, गेनाऊ म्हणजे अगदी हो, एवढं मला येतं. नाही कसं म्हणतात ते शिकायची वेळ आली नाही, कारण तेव्हा ती खोलीचं दार लावते. पंधरा वर्षांची आहे, तिच्या बापानंही या वयात हेच केलं होतं. आपल्या घराला दार एकच होतं, म्हणून तो गोठ्यात जाऊन बसायचा.

आज घट बसवले. दुरडी मिळाली नाही, तुझ्या पिझ्झाच्या ताटात बसवले. मका मिळाला तो लाह्यांचा, जव तुर्की दुकानातले, बाकी धान्य तुझ्या डब्यात होतं. माती काल खाली तळघरात, तुमच्या त्या केलरमध्ये, मिळाली. तुझ्या पिशव्यांची थप्पी आहे तिथं. पण काय ती माती! खडूसारखी. पाणी घातलं तर वरच्या वर पळालं. मग दुकानातली काळी भुसभुशीत माती आणून निम्मी मिसळली, चहाचा चोथा घातला, तेव्हा कुठे ओल धरली. माती सुधारायला तू एकटीच शिकलीस असं समजू नको.

लोभ आहेच. वाढवायचा का ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.
अहिल्या


कोकशेताऊ,
शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

ती. आईंना,
सा. न. वि. वि. शनिवारीच आम्ही गावात येतो, तेव्हाच रेंज मिळते. तुमचं पत्र वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसले.

आई, पिशवी कोणती घेतलीत? हिरव्या शाईनं ‘खडकमाळ, वरचा थर, शून्य वर्ष’ लिहिलेली तर नाही ना? ती आपल्या खडकमाळची माती आहे. २०१२ साली काम सुरू करण्याआधी मी आणि हृषीनं काढलेली. त्यानंतर बारा वर्षं आपण त्या माळावर बांध घातले, काडीकचरा जमिनीवरच ठेवला, तूर लावली. माती सुधारली, हे डोळ्यांना दिसतं, पण दाखवायचं तर जुनी आणि नवी माती एकाच यंत्रावर, एकाच दिवशी मोजावी लागते. ते मोजमाप नोव्हेंबरात आहे. डिसेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं. मला कायम करायचं की नाही ते त्या आकड्यावर ठरणार आहे. आमच्या संस्थेत ठेवलेली जोडपिशवी पाइप फुटून भिजली, म्हणून ही मी घरी आणून ठेवली. केलरला कुलूप लावलं नाही, ही माझी चूक.

मी चिडून लिहीत नाहीये. म्हणजे चिडलेय, पण तुमच्यावर निम्मीच. न मिसळलेली मूठभर तरी उरली असेल तर तिला हात लावू नका. लगेच कळवा.

इथे वारा काळी माती उचलून नेतो. शेतकऱ्यांना मी सांगते की कापणीनंतरची धसकटं उपटू नका, ती बर्फ धरून ठेवतील, बर्फाचं पाणी होईल. ते मान हलवतात. मग मी खोलीवर येऊन एकटी जेवते.

अन्वीला सांभाळा, स्वतःलाही. तुमचा राग चालेल, अबोला नको.
तुमची,
संध्या


हॅनोव्हर,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

चि. संध्यास,
आशीर्वाद. तीच पिशवी. सगळी संपली. मूठभर काय, चिमूटभरही नाही. पिशवी झटकून घेतली मी, मला अर्धवट काम येत नाही.

आता कारण विचारशील. खाली शंभरेक पिशव्या होत्या. सगळ्यांवर तुमचं जर्मन, नाहीतर आकडे. एकीवर मराठी होतं. मला वाचता आली ती तेवढी एक, आणि अक्षर हृषीचं. गावाचं नाव त्याच्या हातचं. घटाला आपल्या रानची माती घालतात, परक्या मातीत देवी बसवत नाहीत. मला वाटलं, त्यानंच ती माझ्यासाठी ठेवली असेल. चार वर्षांपूर्वी गेलेला माणूस असली सोय करून जात नाही, हे मला कळतं. पण केलरमध्ये दिवा दोन मिनिटांनी विझतो, तेवढ्यात एवढंच सुचलं.

गुरुवारी हे लिहिलं नाही, कारण तू रडली असतीस आणि तिकडे थंडी आहे.

ताटातली माती चाळून वेगळी करू का? घट मधेच हलवत नाहीत. पण तुझी नोकरी जात असेल तर देवीला मी समजावीन, ती माझ्याइतकी हट्टी नाही.

शिव्या द्यायच्या तर पत्रातच दे, फोनवर वाया जातील.
अहिल्या


कोकशेताऊ,
शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ती. आईंना,
सा. न. वि. वि. माती चाळून उपयोग नाही. काळी माती एकदा मिसळली की वेगळी होत नाही. घट होते तसे राहिले असतील, अशी आशा आहे.

संस्थेतल्या आमच्या प्रमुख बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या की त्याच उताराची, त्याच खोलीची, इतक्या वर्षांत कुणी हात न लावलेली माती मिळाली तर चालेल. तीस नोव्हेंबरपर्यंत. मी रात्रभर विचार केला. तशी जागाच उरलेली नाही. तुकडान् तुकडा मी सुधारून ठेवला. बारा वर्षं केलेलं कामच आज आडवं आलंय.

खड्डा खणताना टेप धरायला हृषी असायचा. आता टेपचं टोक मी दगडाखाली ठेवते. ती रिकामी पिशवी मात्र टाकू नका, आई. एवढंच मागते.

मी २४ला परत येते. दिवाळी या वर्षी तिघींनी मिळून करू, असं मनात आहे. माया कमी होऊ देऊ नका.
तुमची,
संध्या


हॅनोव्हर,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

चि. संध्यास,
आशीर्वाद. पिशवी धुतली नाही, घडी करून तुझ्या साड्यांत ठेवली आहे.

तू एवढी शिकलीस, पण जमीन मोजताना माणसं मोजली नाहीस. आपल्या माळाच्या मावळतीला सीताफळापासून ओढ्यापर्यंत चार हात रुंदीची पट्टी आहे. तुझे सासरे आणि राजाभाऊ भावजी, दोघं सख्खे भाऊ, तिच्यावरून भांडले. ती माझी, ती माझी, असं म्हणता म्हणता दोघांनीही तिच्यात पंचवीस वर्षं नांगर घातला नाही. तुझा तो काडीकचरासुद्धा तिकडे कुणी टाकला नाही, भांडण झालं असतं. उतार तोच, माती तीच, तितकीच मेलेली. भाऊबंदकीचा काही तरी उपयोग झाला.

भावजींना फोन करून माती मागवू नको. ते पाठवतील, पण गोठ्याजवळची, शेण मुरलेली, चाळून. सुनेनं परदेशातून माती मागितली आणि वाईट माती पाठवली, असं ते होऊ देणार नाहीत. तो माणूस भांडेल, पण हलकी वस्तू देणार नाही. म्हणून मलाच गेलं पाहिजे. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी अन्वीला तिकीट बदलायला सांगितलं. २५चं मिळालं. तू २४ला येशील, एक दिवस गाठ पडेल. तेवढ्यात तुला जेवायला घालीन आणि दोन शब्द ऐकवीन. दिवाळी तुम्ही दोघी करा. मी पट्टीवर जाते. माती परदेशी पाठवायच्या परवान्याचे कागद तेवढे तयार ठेव.

शनिवारी घट उठवले. तुरे वीतभर झाले होते. पण ते खोवायचे कुणाच्या टोपीत? घरात टोपी घालणारा नाही. अन्वी सायकलवर निघाली होती, तिच्या हेल्मेटच्या फटीत दोन खोवले. काढून टाकील असं वाटलं. संध्याकाळी आली तेव्हा वाळून चिकटलेले होते, तिथंच. तिकीट काढून झाल्यावर मात्र तिनं मला मराठीत विचारलं, की परत कधी येणार. मी गेनाऊ म्हणाले.

भेटीपुरता राग राखून ठेव.
अहिल्या


खडकमाळ, ता. माण,
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

चि. संध्यास,
अ. उ. आशीर्वाद. माती काल पुण्याला गेली, कागदांसकट. तिथून विमानानं येईल.

राजाभाऊ भावजींच्या उंबऱ्यावर मी एकवीस वर्षांनी उभी राहिले. त्यांनाही आता कमी ऐकू येतं. मी म्हणाले, पट्टीतली माती हवी. त्यांना वाटलं मी पट्टीच मागते, आणि ते काठी घेऊन उठले. मग पाटीवर लिहून दाखवलं. वाचून त्यांनी काठी भिंतीला टेकवली. म्हणाले, हृषीच्या कामाला पाहिजे असेल तर घेऊन जा. म्हातारा शेवटी बरोबर आला. मी खणत होते तेव्हा तुझ्या टेपचं टोक त्यांनी धरलं. एक वीत खोल. मधेच त्यांनी गोठ्याकडची चांगली माती द्यायची गोष्ट काढली. मी खुरपं दाखवलं.

घरी आता मी, मांजर आणि तुझी तूर. मांजरालाही मी एकदा गेनाऊ म्हणाले. तुझी तूर फुलावर आहे. पट्टीत मात्र कुसळही नाही, बघून बरं वाटलं.

पिशवीवर लिहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच लिहिलं. हिरवी शाई मिळाली नाही. जागा, खोली, तारीख, तू सांगितलंस तसं. खाली मोठ्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली आहे, तुमच्या यंत्राला कळली नाही तरी चालेल: घटासाठी नाही.

माझा लोभ धसकटासारखा समज. दिसायला काही नाही, उपटू मात्र नको.
अहिल्या