इग्नेशियससाठी नवस

सेंट हेडविग चर्चच्या मागची गल्ली,
ईरी सरोवराच्या काठी,
बुधवार, एप्रिल अखेर

ती. सिस्टर पर्पेच्युआ, म्हणजे आमच्या आयरिन वन्सं, यांना धाकट्या भावजयीचा, लिओकेडियाचा, नमस्कार आणि येशूची स्तुती असो.

आपली कंबर आता कशी आहे? मठातल्या दगडी फरशीवर गुडघे टेकताना खाली घडी घातलेली शाल घेत जा, देव काही रागवणार नाही. इकडे सगळे देवाच्या दयेने धडधाकट आहेत. आपले बंधू फ्लोरियन दोन वेळा नीट जेवतात, फक्त गेल्या शुक्रवारपासून गॅरेजमध्ये बसून जेवतात. आपला भाचा रोमन रोज येतो, स्वयंपाकघरात बसतो आणि गॅरेजच्या दाराकडे पाठ करून बसतो. सूनबाई डेनिस आणि तान्हा दोघं खुशाल. तान्ह्याला आम्ही अजून तान्हाच म्हणतो, कारण त्याला नाव नाही, आणि हे सगळं रामायण त्याच नावाचं आहे. (हा कागद चर्चच्या जुन्या पत्रकाची मागची कोरी बाजू आहे. पुढच्या बाजूला ईस्टरसाठीच्या पियेरोगींची, म्हणजे आपल्या उकडलेल्या बटाट्याच्या करंज्यांची, जाहिरात दिसेल, तिकडे लक्ष देऊ नये.)

आपल्याला ठाऊकच आहे, मला त्या फुटबॉलचं कौतुक कधीच नव्हतं. रविवारी मिस्सा संपते न संपते तोच पुरुष माणसं टोप्या चढवून पळतात, आणि संध्याकाळी कोणी मेल्यासारखी तोंडं करून परत येतात. पण हिवाळ्यात हरून झालं की तरी घर शांत व्हावं ना? तर नाही. वसंतात ड्राफ्ट येतो. (मठात टीव्ही नाही म्हणून सांगते: कॉलेजातली नवी पोरं सगळ्या टीम नंबराप्रमाणे एकेक उचलतात. जी टीम जास्त हरली तिचा नंबर आधी. त्यामुळे आपला नंबर नेहमी आधीच असतो.) जानेवारीपासून माझ्या ओट्याशी हाच वाद. रोमनला हवा होता कॅनन हॅचर नावाचा क्वार्टरबॅक, चेंडू मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फेकतो म्हणे. यांना हवा होता स्टोन प्रुइट नावाचा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणाऱ्यांना अडवणारा भिंतीएवढा मुलगा. रोमन म्हणायचा, "बाबा, तोफ मिळतेय तर घ्या ना." हे म्हणायचे, "तोफ घेशील, पण उभी कशावर करशील? माझ्या डोक्यावर? आधी गाडा घे." शेजारचे चेस्टरभाऊ रोज कॉफीला यायचे आणि जो हरतोय त्याची बाजू घ्यायचे, म्हणजे कॉफी लांबते. त्या प्रुइटचे हात आखूड आहेत यावरून तर एका संध्याकाळी तिघांनी माझी शिवणाची टेप घेऊन एकमेकांचे हात मोजले. टेप ताणून सैल झाली.

तोवर मी मुकाट होते. पण उपवासकाळातल्या एका शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचा कार्यक्रम होता. सगळी पॅरिश, चर्चची झाडून सगळी माणसं जमलेली. मी कोबीची कोशिंबीर वाढत होते. रोमन (आधी दोन बियर झालेल्या) खुर्चीवर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की डेनिसला मुलगा झाला तर आपली टीम यंदा पहिल्यांदा ज्याला निवडेल त्याचं नाव मी पोराला देईन. लोकांनी टेबलं बडवली. वन्सं, माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी यांच्याकडे पाहिलं. हे प्लेटमधल्या माशाकडे बघत होते.

आपल्याला वेगळं सांगायला नको की हे का गप्प होते. आपले बाबा गेल्या नाताळाच्या आधी गेले. त्यांच्या मागे या घराण्यात येणारा हा पहिला मुलगा. त्याचं नाव इग्नेशियस असावं, एवढं एकच यांच्या मनात होतं. पण मागतील तर शपथ. माझ्याजवळ एकदाच बोलले, तेही बूट काढताना, पाठमोरे: "बाबांचं नाव ठेवलं असतं तर बरं झालं असतं, नाही का." मी म्हटलं, मुलाला सांगा. म्हणाले, "सांगून ठेवलेलं नाव म्हणजे काय नाव? त्याच्या मनात यायला हवं." आणि मुलाच्या मनात तोफ. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर झिगमंट अख्ख्या देवळासमोर विचारणार, या बाळाचं नाव काय ठेवता, आणि माझा मुलगा सांगणार, कॅनन. म्हणजे तोफ. आडनावासकट, तोफ वोय्तासिक. नाहीतर स्टोन, म्हणजे धोंडा. कोणत्या संताच्या दिवशी त्याचा नामदिन करायचा?

ईस्टरच्या आधी, पाम संडेच्या आठवड्यात डेनिसला मुलगा झाला. (तेव्हा तारेसारखं कार्ड पाठवलं होतं, ते पोचलं असेल.) त्याला पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढीच धडकी भरली. मग मी एक केलं. यांच्या न्हाव्याकडून ड्राफ्टचं जाडजूड मासिक मागून आणलं (विकत घेण्यासारखी त्याची किंमत नाही) आणि फ्रिजवरच्या संतांच्या कॅलेंडरशेजारी उघडून बसले. पहिली कित्येक पानं नुसता कचरा. कोल्ट, स्टॉर्म, ब्लेड, एका मुलाचं नाव तर चक्क लीजन, म्हणजे बायबलात डुकरांत शिरलेल्या सैतानांचं. असली नावं ठेवणाऱ्या आयांना कुणी विचारायला नको का? आणि मग मासिकाच्या पार शेवटी, जिथे अक्षरं मुंग्यांएवढी होतात, तिथे मला तो दिसला. इग्नेशियस फालेउपोलू. मूळचा सामोआचा, आई चर्चमध्ये गाते असंही लिहिलेलं. वन्सं, माझ्या अंगावर काटा आला. मी पुढचं काही वाचलंच नाही. तिथल्या तिथे मारियामातेच्या तसबिरीसमोर, आपल्या चेंस्तोहोवाच्या काळ्या माउलीसमोर, नऊ दिवसांची प्रार्थना बोलले. आपली टीम या मुलाला पहिल्यांदा निवडू दे, एवढंच मागितलं. नावानिशी मागितलं, कारण मोघम मागितलं की मोघम मिळतं.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोचावर तोफेवाले, एका कोचावर धोंडेवाले, मध्ये माझा तान्हा टोपलीत झोपलेला. आपला नंबर आला. पडद्यावर उलटं घड्याळ सुरू झालं. तोफही शिल्लक होती, धोंडाही शिल्लक होता. कुणी चिप्स चावेना. रोमन डेनिसचा हात धरून बसला होता आणि ती म्हणत होती, "माझा हात सोड, बाळंतपणात मी तुझा एवढा दाबला नव्हता." मी स्वयंपाकघराच्या दारात पदराखाली, म्हणजे एप्रनखाली, जपमाळ धरून उभी. घड्याळ संपत आलं आणि तो सुटातला माणूस व्यासपीठावर येऊन म्हणाला की आपल्या टीमने अदलाबदल केली आहे. गुरुवारचा, म्हणजे पहिल्या फेरीचा, नंबर आणि शुक्रवारचा पहिला, म्हणजे दुसऱ्या फेरीचा, नंबर असे दोन्ही देऊन टाकून पुढच्या वर्षीचे नंबर घेतले. म्हणजे कुणीच नाही. दोन्ही कोचांवरून एकदम असा आवाज निघाला की तान्हा जागा झाला. चेस्टरभाऊ म्हणाले, "पुढच्या वर्षी. माझा बाप पुढच्या वर्षीची वाट बघत गेला, आता माझी पाळी." वरून त्या कॅननला लगेच कुणी उचललं, तर दर डिसेंबरला आपल्याला चिखलात लोळवणाऱ्या टीमने. रोमन उठून मागच्या अंगणात गेला. मी माळेचा पुढचा मणी धरला. मार्ग मोकळा होत होता.

शुक्रवारी माझ्या प्रार्थनेचा नववा दिवस. तिसरी फेरी लागली तेव्हा आम्ही घरचेच उरलो होतो आणि चेस्टरभाऊ. नाव पुकारलं. इग्नेशियस फालेउपोलू. माझ्या तोंडून आमेन निघून गेलं. पण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. हे डोकं धरून बसले होते. चेस्टरभाऊंनी टोपी डोळ्यांवर ओढली. रोमन पडद्याकडे बोट दाखवून फक्त म्हणाला, "पंटर." मी विचारलं, म्हणजे काय रे? तेव्हा डेनिसनेच सांगितलं (तिला या खेळात काडीचा रस नाही, पण तिला सगळं कळतं): "आई, आपल्याला पुढे जाता येत नाही हे कबूल झालं की चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकतो ना, तो." वन्सं, खेळाचं नाव फुटबॉल, आणि जो पायाने मारतो त्याला इथे कुणी विचारत नाही. त्याला शेवटच्या फेरीत, नाहीतर फुकटात घेतात. आपण तो पहिला म्हणून घेतला. सबंध गाव सुतकात आहे. बेकरीवाली बाई पाव देताना मान वर करत नाही. आणि हे कसं झालं ते फक्त मला आणि काळ्या माउलीला ठाऊक.

मला राहवेना. शनिवारी कन्फेशनला गेले आणि जाळीपलीकडे सगळं सांगितलं. मला वाटलं फादर झिगमंटना डुलकी लागली. मग हळूच म्हणाले, "लिओकेडियाबाई, तिसऱ्या फेरीत?" मी म्हटलं, हो फादर. म्हणाले, "आपल्याला डाव्या बाजूला टॅकल नाहीये." मी म्हटलं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं फादर. एक उसासा आला. प्रार्थना हे काही पाप नव्हे म्हणाले, पण प्रायश्चित्त म्हणून पूर्ण माळ जपायची आणि ऑगस्टमधले सराव सामनेसुद्धा शेवटपर्यंत बघायचे.

तेही करीन. पण ज्यासाठी केलं तेच हातचं चाललंय. रोमन म्हणतो, माझा शब्द पहिल्या फेरीपुरता होता. चेस्टरभाऊ म्हणतात, नाही, मी शेजारच्या टेबलावर होतो, "पहिल्यांदा ज्याला निवडेल" हेच तुझे शब्द. रोमन म्हणतो, "पंटरचं नाव देऊ? शाळेत पोरं त्याला टीममध्ये घेतील का? तो शत्रूकडे गेला तरी नाव कॅननच ठेवीन." त्या शुक्रवारी रात्रीच हे ऐकून आपले बंधू पहिल्यांदा ओरडले. "डिसेंबरात ज्याच्या हातून मार खायचाय त्याचं नाव माझ्या घरात?" रोमन म्हणाला, "मग काय ठेवू ते तुम्ही सांगा ना." वन्सं, यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, आणि ताट घेऊन गॅरेजमध्ये गेले. तेव्हापासून ते तिथेच आहेत. बाबांचं नाव त्या खोलीत सगळ्यांच्या तोंडाशी होतं आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही. रोमनला वाटतं ते पंटरचं नाव. यांना वाटतं, आता मागितलं तर मुलगा हसेल. रविवारी बाप्तिस्मा आहे.

बाकी ठीक. मठातल्या सर्व सिस्टरांना माझा नमस्कार. आपण पाठवलेले हातविणीचे मोजे तान्ह्याला होतात, पण तो ते लाथा मारून काढून टाकतो.

आपली आज्ञाधारक,
लिओकेडिया

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: हे हाती पडताच मदर सुपिरियरांची परवानगी काढून रोमनला फोन करावा. आपलं तो ऐकतो. आपले बाबा सामना बघायला गेले की कसे वागायचे ते त्याला सांगा. आपली टीम अडली आणि पंटर आत आला की सगळं स्टेडियम बसून शिव्या द्यायचं, आणि बाबा एकटे उभे राहून टोपी काढायचे. म्हणायचे, आपल्या टीममध्ये रोजच्या रोज काम करणारा एवढा एकच माणूस आहे. रोमन तेव्हा लहान होता, त्याच्या लक्षात नसेल. हे सांगणार नाहीत. मी सांगितलं तर तो म्हणेल आईचं काहीतरी. फोन रविवारच्या आत यायला हवा.

ता. क. २ (रविवार संध्याकाळ). पाकीट अजून माझ्यापाशीच आहे. चेस्टरभाऊंची मुलगी आपल्या बाजूला येणार होती, म्हटलं तिकीट कशाला लावा, तर तिची गाडी बिघडली. तेव्हा फोनचं राहू द्या. काय झालं ते ऐका. वेदीसमोर फादरांनी विचारलं, या बाळाचं नाव काय ठेवता? रोमनने तान्ह्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. डेनिस त्याच्याकडे बघतेय. मागे सगळी मासेवाली मंडळी. फादरांनी वाचायचं कार्ड पुढे धरलं होतं, आणि रोमनच्या कडेवरच्या तान्ह्याने (एक मोजा केव्हाच गेला होता) असा पाय झाडला की ते कार्ड उडून, गरगरत, चेस्टरभाऊंच्या बाकाखाली गेलं. कुणी हसलं नाही. आणि पहिल्या बाकावरून हे उठून उभे राहिले. एकटेच. डोक्यावर टोपी नव्हती, तरी हात कपाळापर्यंत गेला आणि खाली आला. वन्सं, रोमनला बाबांचं ते टोपी काढणं आठवलं. तो यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "इग्नेशियस. आजोबांचं नाव." नंतर फादरांना हळूच म्हणाला, "पंटरचंसुद्धा, बरं का." आज हे टेबलाशी बसून जेवले.

ता. क. ३. मठात पुढच्या एप्रिलच्या आधी नऊ दिवसांची प्रार्थना ठेवता येईल का, सगळ्या सिस्टरांनी मिळून? आपल्याकडे पहिल्या फेरीचे दोन नंबर आहेत. नाव कुणाचं घेऊ नका, या खेपेला नाव नको. डाव्या बाजूचा टॅकल मागा, आणि हात लांब असावेत असं स्पष्ट म्हणा. माझी टेप सैल झाली असली तरी त्या प्रुइटचे हात खरोखरच आखूड होते.